टायरमधली हिरवी पट्टी : उसाच्या एका हंगामाचा अनुभव

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. बुधगावातून रोज सायकलनं येतो, जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर. एरवी काही त्रास नाही, पण कारखाने सुरू झाले, माधवनगरच्या रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या, की माझ्या मागच्या चाकाला साडेसाती लागते. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्रीचे, म्हणजे नालेचे, खिळे पडतात, बाभळीच्या फांद्या ओढत नेल्या की काटे सांडतात, आणि फुटलेल्या ट्रक टायरच्या केसासारख्या तारा नेमक्या रस्त्याच्या कडेला. आपण कडेनंच चालवणार! डिसेंबरात तीन आठवड्यांत पाच पंक्चर काढली.

म्हणून टायर आणि ट्यूबच्या मधे बसवायची ही प्लास्टिकची पट्टी घेतली. सव्वीस इंची, दोन्ही चाकांची जोडी ४२० रुपयांना. दुकानात दोन-तीन कंपन्यांच्या होत्या, हाताला सगळ्या सारख्याच लागल्या.

बसवताना वैताग येतो. पट्टी मधोमध बसते ना बसते तोच ट्यूब घालताना सरकते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून घेतली की जागेवर राहते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

महिनाभर मजेत गेला. मग एका सकाळी पुलाच्या अलीकडे चाक बसलं. आमच्या पंक्चरवाल्या अण्णांनी टायरमधून बोट फिरवलं, काटा नाही, खिळा नाही. ट्यूब पाण्यात धरली तर बुडबुडे पट्टीच्या जोडापाशीच. पट्टीची दोन टोकं एकावर एक येतात, तिथली कड घासून घासून ट्यूबला लांबट चीर पडली होती. अण्णा म्हणाले, "दिवाणजी, काट्यासाठी पट्टी घातली, आता पट्टीसाठी काय घालताय?"

टोकं कात्रीनं गोल केली, पॉलिश पेपरनं घासली, आणि जोडाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. त्यानंतर जोडापाशी काही झालं नाही. हे काम खरं म्हणजे कंपनीनं करून द्यायला हवं होतं, म्हणून एक स्टार तिथंच कापला.

मार्चअखेर टायर उतरवून पाहिला. रबरात बाभळीच्या काट्यांची सात टोकं मोडून बसली होती. पट्टीवर पांढरे ओरखडे होते, आरपार गेलेला काटा एकही नाही. म्हणजे सात पंक्चर वाचली, पट्टीचे पैसे वसूल. पत्रीच्या खिळ्यापुढं मात्र तिचं काही चालत नाही. फेब्रुवारीत एक सरळ घुसला, टायर, पट्टी, ट्यूब, तिन्ही भोकं एका रेषेत. आणि टायरची बगल उघडीच राहते, पट्टी फक्त जमिनीला टेकणारा भाग झाकते.

तारांचं वेगळंच आहे. तार एका दिवसात आत येत नाही, चाक फिरेल तशी रोज थोडी थोडी शिरते. पट्टी तिला अडवते, पण तार टायरमध्येच राहते. म्हणून दर रविवारी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. जिथं कापसाचे तंतू अडकतात तिथं तार, चिमट्यानं उपसायची. बोट फिरवायला गेलो तर दिवसभर हळदीच्या पावत्या लिहिताना ठसठसतं.

आधी ट्यूबमध्ये भरायचं पांढरं पाणीही वापरलं होतं. बारीक भोकं बुजतात, पण उन्हाळ्यात ते आत वाळून त्याच्या गुठळ्या झाल्या. शिवाय भोक मोठं पडलं तर ते पाणी बाहेर येतं, ओल्या ट्यूबवर ठिगळ चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही आणि अण्णांच्या शिव्या खाव्या लागतात. पट्टीला ती भानगड नाही.

सायकल किंचित जड वाटते, चढाला जाणवतं. हवा पन्नास पौंडांच्या खाली जाऊ देत नाही. हवा कमी असली की खड्ड्यात रिम ट्यूबला चावते, तिथं पट्टी काय करणार?

पुढच्या चाकाची पट्टी अजून पाकिटातच आहे. पुढचं चाक पडलेला खिळा नुसता उभा करतं, घुसतो तो मागच्यात. तीही आता मागच्यालाच घालून बघू का, असं अण्णांना विचारलं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.