एकधारी रेझर : जेम आणि फेदर पात्यांची तुलना

दुधारी पाते जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असल्याने रेझरमध्ये वाकवूनच बसवावे लागते. ‘जेम’ या अमेरिकी ब्रँडचे एकधारी पाते मात्र त्याच्या दुपटीहून जाड असून पाठीवरच्या दुमडलेल्या पत्र्यामुळे ताठ राहते, म्हणूनच चार दिवसांचे राठ खुंटही ते न थरथरता कापते. रेझरचे डोके गालावर सपाट टेकवावे आणि दाब अजिबात देऊ नये, एवढेच त्याचे तंत्र. जपानी फेदरचे ‘प्रोफेशनल’ पाते मला याहून तिखट वाटले. हनुवटीखाली माझाच हात तिरपा पडला आणि तुरटी शोधावी लागली. नवशिक्यांनी फेदरचेच, धारेला संरक्षण असलेले ‘प्रोगार्ड’ घ्यावे, मात्र फेदरची ही पाती जेमच्या रेझरमध्ये बसत नाहीत.