चरबी मोजणारा काटा : आठ महिन्यांनंतर

लातुरात जिम लावली आणि आठवड्याभरात हा काटा मागवला. किंमत १,७०० रुपये. अनवाणी उभं राहिलं की वजन, चरबी, स्नायू, पाणी, वर ‘शरीराचं वय’ असे १३ आकडे मोबाईलवर येतात. पहिल्याच दिवशी त्यानं ३४ वर्षांच्या मला ४७चा ठरवला. झोप उडाली.

वजन मात्र चोख. पिठाच्या गिरणीतल्या काट्याशी ताडून बघितलं. फक्त शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवू नका, दीड किलोचा फरक पडतो.

बाकीच्या आकड्यांचं गौडबंगाल अप्पांमुळं कळलं. गावाकडून आले, तेव्हा हौसेनं काट्यावर चढवलं. वजन आलं, पुढं नुसत्या रेघा. जन्म काळ्या रानात गेलेला, टाचांना ही भेगाडं, तळव्याचं कातडं वाळून निबर झालेलं. ओल्या फडक्यानं तळवे पुसले तेव्हा कुठं आकडे उमटले. अप्पा हसले, “म्हंजे ह्यो बी मॉइश्चरच बगतो की!” मोंढ्यात सोयाबीन नेलं की आडतीवर मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतात आणि ओलावा १२च्या वर गेला की भाव पाडतात, त्यातलं हे बोलणं.

आणि आहेही तसंच. काटा एका तळव्यातून दुसऱ्या तळव्याकडं बारीक करंट सोडतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून तो सहज जातो, चरबी अडवते. त्या अडथळ्याला आपण भरलेली उंची, वय, स्त्री की पुरुष हे जोडून चरबीचा अंदाज बांधतो. करंट फिरतो मुख्यतः पायांतून, म्हणजे ज्या पोटाची काळजी, त्याचंच याला फारसं कळत नाही. मे महिन्यात रानातून घामाघूम येऊन चढलो तर चरबी २ टक्के जास्त. ॲपमध्ये वय १० वर्षांनी कमी केलं, तर उभ्या उभ्या उतरली!

तरी मी दिवसातून चारदा चढायचो. लघवीला जाऊन आलो की पुन्हा. अप्पा एकदा वैतागले, “कामून सारखं चढलालास रे त्याच्यावर? इकायला न्यायचंय का तुला?” जानेवारीत हुरड्याला गेलो, तिथंही मुठीत हुरडा धरून मोबाईलवर कॅलरी शोधत बसलो, आगटीतला गरम हुरडा गार झाला. त्यात प्रत्येक वजनाखाली ॲपमध्ये प्रोटीन पावडरची जाहिरात. आकडा वाईट आला की ऑफर मोठी!

नुसतं वजन बघायचं असेल तर साधा काटा घ्या, निम्म्यात येतो. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या करंटच्या काट्यावर चढू नये. खोक्यावर हे बारीक अक्षरात होतं.

ॲप मी उडवलं. आता सोमवारी सकाळी उपाशीपोटी एकदा वजन, आणि पोटाला शिंप्याचा टेप. आपल्याकडं पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द धरतात. माझं ९६ भरतंय. अप्पा टेप लावू देत नाहीत. करदोडा कितीदा बदलला, पण गाठ लग्नातल्याच मापाला बसते म्हणे.