फेस म्हणजे मळ नव्हे

मार्च उजाडला की नाशिकमध्ये सोसायट्यांच्या गेटवर एसीच्या '३९९ रुपयांत केमिकल सर्व्हिस'ची पत्रकं लागतात. असंच पत्रक बघून इंदिरानगरातल्या एका घरी मेकॅनिक बोलावला गेला. दीड टनाचा स्प्लिट एसी, आर-३२ या थंड करणाऱ्या गॅसचा. बिल झालं ३,६०० आणि कॉइल (आतली गॅसच्या नळ्यांची जाळी) गेली ती वेगळीच.

बाटलीवर लेबल नव्हतं. आतलं द्रावण पाणी न घालताच कॉइलवर मारलं. दोन मिनिटांत पांढरा फेस बाहेर. "बघा काकू, किती मळ होता!" अशा बाटलीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, खातो, हायड्रोजन सुटतो आणि फेस फुगतो. म्हणजे कॉइल स्वच्छ असली तरी फेस येणारच. फिन कागदाएवढी पातळ. आधी वरचा निळा लेप जातो, मग ती करडी पडते आणि बोट फिरवलं की भुकटी निघते. पाणी निथळतं ते त्या लेपामुळे. तो गेला की थेंब फिन्समध्ये अडकतात आणि पंख्याच्या वाऱ्याने खोलीत उडतात.

पुढचा डाव गॅसचा. गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजची नळी जोडताना सैल ठेवली की फुस्स करून गॅस जातो, काटा खाली येतो आणि "गॅस कमी आहे" हे सिद्ध! गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर गळती आहे. ती आधी शोधायची, बुजवायची, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि एसीच्या नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजूनच भरायचे. वजनकाटा न आणता गॅस भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस आत असताना नळी जोडायला ज्योतीचा टॉर्च लावणं तर साफ चूक.

बाहेरच्या युनिटची कॉइल चकचकीत करायला काही जण हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेलं द्रावण वापरतात. त्याचा चटका कधीकधी तासांनी कळतो, तोवर ते आत उतरलेलं असतं. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना, दुखायची वाट बघू नका. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीन वायू होतो, बंद खोलीत तो जीवावर बेतेल.

घरच्या कॉइलला एवढं लागतच नाही. एसीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, फिल्टर काढून धुवा, पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि मोटर प्लास्टिकने झाका, खाली पाणी झेलणारी सर्व्हिस बॅग लावा. हातमोजे, गॉगल घाला, खिडकी उघडी ठेवा. न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्क) क्लीनर लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून हातपंपाने फिन्सच्या उभ्या दिशेत मारा. (द्राक्षबागेत औषध मारलेला पंप मात्र नको.) दहा मिनिटांनी बादलीभर साध्या पाण्याने धुवा, कार वॉशरच्या धारेने फिन्स आडव्या होतात. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात नळाच्या पाण्याचा.

कोणी कडक केमिकल मारूनच गेलं असेल तर ड्रेन पाइपच्या पाण्यात आम्ल-अल्क दाखवणारी पीएच पट्टी बुडवा. रंग सातच्या, म्हणजे न्यूट्रलच्या, आसपास येईपर्यंत धूत राहा.