वेटा, आयर्न स्टुडिओज की प्राइम वन? गावात पुतळा मागवण्याआधी

न्यूझीलंडची वेटा, ब्राझीलची आयर्न स्टुडिओज आणि जपानची प्राइम वन या कंपन्या फँटसी चित्रपटांतल्या पात्रांचे पुतळे बनवतात. अशा पुतळ्याची किंमत नुसती डॉलरमध्ये पाहून निर्णय घेऊ नका. वेलिंग्टन किंवा टोकियोहून निघालेलं खोकं विदर्भात दारव्हा, मूल नाहीतर आर्वी तालुक्यातल्या गावात पोहोचेपर्यंत त्या आकड्यात बरीच भर पडते. माझं मत आधीच सांगतो. पहिलाच पुतळा असेल तर आयर्न स्टुडिओजचा 1:10, म्हणजे खऱ्याच्या एक दशांश मापाचा, घ्या. आयुष्यात एकच घ्यायचा असेल तर पैसे साठवून वेटाचा 1:6 घ्या. प्राइम वन मात्र आपल्याकडच्या घरांना आणि रस्त्यांना झेपणारं काम नाही.

आधी मापाचं बघू. सहा फुटी माणूस 1:10 मध्ये 18 सेंटिमीटरचा होतो, 1:6 मध्ये 30 आणि 1:4 मध्ये 45. उंची दीडपट झाली की माल सव्वातीन पटींहून जास्त लागतो, त्यामुळे किंमतही उंचीच्या हिशेबाने वाढत नाही. आयर्न स्टुडिओजचे लहान पुतळे साधारण दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास असतात, वेटाचे 1:6 तीनशे ते पाचशेच्या घरात, अमेरिकेच्या साइडशो कंपनीचे 1:4 त्याच्याही वर. प्राइम वनचे मोठे पुतळे सहज हजाराच्या पुढे जातात.

वेटाचा वाढीव पैसा कशाचा, हे नीट समजून घ्या. रिचर्ड टेलर आणि टानिया रॉजर यांनी 1987 मध्ये सुरू केलेल्या या कार्यशाळेतच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांच्या तलवारी, चिलखतं आणि ओर्क नावाच्या राक्षसांचे मुखवटे बनले. म्हणजे चिलखताचा पट्टा कुठून कुठे जातो, झग्याची घडी कुठे पडते, हे त्यांना फोटोवरून अंदाजाने ठरवावं लागत नाही. पुतळ्यात ते दिसतं. ब्राझीलच्या आयर्न स्टुडिओजची ताकद वेगळी आहे: अंगात वेग, पायाखाली अख्खा प्रसंग उभा केलेला, आणि एका मालिकेतले पुतळे शेजारी ठेवले की लढाईच मांडल्यासारखी वाटते. लहान फळीवर चार पात्रं मावतात, हा फायदा मी मोठा मानतो.

आयर्न स्टुडिओजचे पुतळे कमी पडतात चेहऱ्यात. माणसाचा डोळा 1:10 मापात जेमतेम 3 मिलिमीटरचा उरतो, 1:6 मध्ये 5. नागपूरच्या चितार ओळीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्याने उभं राहून पाहिली, त्याला हा दोन मिलिमीटरचा फरक समजवावा लागणार नाही. बुबुळ केसभर सरकलं की नजर फिरते. म्हणून कंपनीच्या जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका, ते बहुधा नमुन्याचे असतात. घेतलेल्या लोकांचे व्हिडिओ पाहा आणि त्यातही चेहरा थांबवून पाहा.

आता वाहतूक. आंतरराष्ट्रीय कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यांत जे जास्त त्यावर पैसे लावतात. आकारावरून वजन काढायचं ते असं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 50 बाय 40 बाय 40 चं खोकं, आतला माल त्याहून हलका असला तरी, 16 किलोचं धरलं जातं. कस्टम ड्युटी वस्तूची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर बसते, आणि ती धरून झालेल्या रकमेवर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे महाग भाड्यावरही कर भरायचा. बाहेरून थेट मागवताना हा हिशेब कागदावर मांडा, मग भारतातल्या आयात करणाऱ्या दुकानाचा भाव बघा. लहान पुतळ्यात दुकानदार बरेचदा परवडतो, शिवाय पार्सल फुटलं तर भांडायला माणूस देशातच असतो.

साइडशो कॅलिफोर्नियाची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन चित्रपट आले त्या काळात वेटाचे पुतळे त्यांच्यासोबतच निघत. आज त्यांची जमेची बाजू म्हणजे हप्त्यांची सोय. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेला आहे का, ते आधी बँकेत बघून घ्या.

आपल्या उन्हाचाही विचार करा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून भट्टी पेटते. वेटाच्या ‘मिनी एपिक्स’ नावाच्या छोट्या मूर्ती स्वस्त आणि गोड आहेत, पण त्या व्हिनाइलच्या. अशा उष्णतेत मऊ पडून वाकू शकतात. पॉलिस्टोन, म्हणजे दगडाची भुकटी घातलेलं रेझिन, तसं मऊ पडत नाही. त्याला भीती पडण्याची. तलवारीचं टोक, काठी, बोटं आधी तुटतात. खिडकीसमोर काहीच ठेवू नका, रंग उडतो. धुळीसाठी काचेचं कपाट हवंच, आणि त्याचा खर्च पुतळ्याच्या किमतीत धरा.

पुढे विकायचा विचार असेल तर मर्यादित आवृत्ती आणि तळाचा क्रमांक पाहा, खोकं आणि आतला थर्माकोल जपून ठेवा. त्याशिवाय चांगल्या पुतळ्यालाही भाव येत नाही. निम्म्याहून कमी किमतीत ‘तोच’ पुतळा दिसला तर तो रिकास्ट समजा: मूळ पुतळ्यावरून साचा काढून ओतलेली चोरीची प्रत, जरा आक्रसलेली आणि बारकावे बुजलेली. मूळ शिल्पकाराला त्यातला छदामही मिळत नाही. तेवढ्या पैशात आयर्न स्टुडिओजचा एखादा खरा लहान पुतळा घ्या. पार्सलचा पत्ता गावाऐवजी नागपूर, अमरावतीतल्या नातेवाइकाचा द्या, आणि टेप कापण्याआधी मोबाईलवर चित्रीकरण सुरू करा. तुटक्या मालाची तक्रार करताना तोच पुरावा कामी येतो.