मुलांची पोटगी थकली: वसुली अर्ज, दरखास्त की थेट पगारातून कपात?

आदेश झाला, पहिले दोन-तीन हप्ते वेळेवर आले, मग एका महिन्याला अर्धेच आले आणि पुढे तेही बंद झाले. कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर बसलेल्या बऱ्याच आयांची कहाणी अशीच असते. वकिलाला विचारलेला पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "आता त्याला आत टाकता येईल का?"

येईल. पण मुलाची फी भरायची असेल तर त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं: त्याच्याकडे पैसा येतो कुठून? महिन्याच्या पगारातून, दुकानाच्या गल्ल्यातून, शेतीतून, की हातावर रोख? वसुलीचा मार्ग यावरून निवडायचा असतो. राग कितीही रास्त असला तरी त्यावरून निवडलेला मार्ग पुष्कळदा वर्षभर तारखा देतो आणि हाती काही देत नाही. इथे देणारा बाप आणि मागणारी आई धरली आहे, कारण कोर्टात बहुतांशी तसंच दिसतं.

आधी आदेश उघडून बघा

आदेश कोणत्या कायद्याखाली झालाय ते पहिल्या पानावर असतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, पण त्याआधीचा १२५ चा आदेश रद्द झालेला नाही, त्यामुळे "तुमचा कायदाच गेला" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. दुसरा प्रकार हिंदू विवाह कायद्याचा: केस चालू असताना कलम २४ ची अंतरिम पोटगी आणि मुलांसाठी कलम २६. तिसरा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ज्याला कोर्टात सगळे डीव्ही म्हणतात. त्यात आर्थिक मदत कलम २० खाली मिळते. मुलाचा हक्क तिन्हीकडे आहे. मुसलमान आईच्या मुलांनाही १२५ ची पोटगी सज्ञान होईपर्यंत मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

वसुली अर्ज: धाक मोठा, मुदत छोटी

१२५ किंवा १४४ चा आदेश असेल तर सगळ्यांच्या ओळखीचा मार्ग हा. थकबाकीचा तक्ता जोडून अर्ज लावायचा. नोटीस निघते. बापाने सबळ कारण दाखवलं नाही तर दंड वसूल करतात त्याच पद्धतीने जप्तीचं वॉरंट निघतं. त्यातूनही रक्कम आली नाही तर कैद, एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरले तर तोपर्यंत. क्रम असा आहे: आधी जप्ती, मग उरलेल्या रकमेसाठी तुरुंग. एका अर्जावर एकच महिना की थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक, यावर न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. म्हणून "बारा महिने थकवले, बारा महिने आत जाईल" असं गृहीत धरू नका.

या मार्गात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका वर्षाच्या अटीने. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्यासाठी वॉरंट निघतं. समजा महिना ८,००० रुपये ठरलेत आणि चौदा महिने काहीच आलं नाही. थकबाकी झाली १,१२,०००. आज अर्ज लावला तर वॉरंटच्या टप्प्यात येतात शेवटचे बारा महिने, म्हणजे ९६,०००. सुरुवातीचे १६,००० या दारातून गेले. "पुढच्या महिन्यात एकदम देतो" या शब्दावर थांबलेल्या बाईचे असे महिने एकेक करून निसटतात, आणि कायद्याची ही अट मला आजही अन्यायाची वाटते. दिलासा दोन गोष्टींचा आहे. मुदतीत लावलेला अर्ज प्रलंबित असताना पुढे थकणारे महिने त्याच अर्जात धरता येतात. आणि वर्ष उलटलं म्हणून हक्क बुडत नाही, फक्त वॉरंटचा हा रस्ता बंद होतो. पूंगोडी प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही सांगितलं.

"महिनाभर बसतो आत, मग सुटलो" ही भाषाही कोर्टाच्या आवारात ऐकू येते. तिला उत्तर कुलदीप कौर प्रकरणात फार पूर्वी मिळालं आहे: कैद ही वसुलीची रीत आहे, कैद भोगल्याने देणं फिटत नाही.

मग हा मार्ग कुणासाठी? ज्याला चारचौघांत आपली अब्रू जपायची आहे आणि ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याच्यासाठी. दुकानदार, ठेकेदार, गावातला प्रतिष्ठित माणूस वॉरंट हातात पडायच्या आधीच निम्मी रक्कम घेऊन कोर्टात उभा राहतो. पण ज्याने घर बदललं, फोन बदलला, त्याचं वॉरंट "इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येतं, तारीख पडते, आणि पुढचं वॉरंटही तसंच येतं. म्हणून अर्जात एकच पत्ता देऊ नका. कामाची जागा, भावाचं घर, गावचं घर, गाडीचा नंबर, जे माहीत असेल ते लिहा. तो दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या दंडाधिकाऱ्यामार्फतही आदेशाची अंमलबजावणी करता येते, तशी तरतूद कलम १४७ मध्ये आहे.

दरखास्त: संथ, पण पगारदारासाठी सगळ्यात पक्की

हिंदू विवाह कायद्याचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा, म्हणजे डिक्रीसारखा, वसूल होतो. त्यासाठी जी दाखल करतात ती दरखास्त. १२५ चा आदेशही पैशाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या निकालात ४ नोव्हेंबर २०२० रोजी म्हटलं. ही केस मूळची नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातली. तिथे मुलासाठी आधी महिना ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० ठरले होते. हा निकाल वकिलाला आवर्जून दाखवा, कारण १२५ चा आदेश म्हणजे फक्त वॉरंट, हा समज अजून गेलेला नाही.

दरखास्तीत पगारावर जप्ती आणता येते, आणि इथे कायदा मुलांच्या बाजूने ठामपणे उभा आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश. म्हणजे जप्तीयोग्य पगार ३०,००० असेल तर सावकाराला १०,००० पेक्षा कमी मिळतील, तुमच्या मुलासाठी २०,००० पर्यंत कापता येतील. "माझा पगार ईएमआयमध्येच जातो" ही सबब बापाकडून हमखास येते. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते मुलांच्या पोटगीच्या पुढे लावायला न्यायालयं सहसा तयार होत नाहीत.

कपातीचा हुकूम पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा कंपनीला बजावला जातो. तो मिळूनही त्यांनी पूर्ण पगार कर्मचाऱ्याच्या हातात दिला तर तेवढ्या रकमेची जबाबदारी मालकावर येते. त्यामुळे कंपनीचा एचआर विभाग असा कागद सहसा बाजूला टाकत नाही. शिक्षक, एसटीचा चालक, महापालिकेचा कर्मचारी, बँकेतला कारकून असे कुणी असेल तर मी तुरुंगाचा विचार बाजूला ठेवून हाच मार्ग धरायला सांगेन. एकदा कपात सुरू झाली की दर महिन्याला त्याच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही. निवृत्त माणसाच्या पेन्शनवर जप्ती येत नाही हा सर्वसाधारण नियम. पण पोटगीसाठी ती येऊ शकते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये घेतली आहे.

दुसरा मोठा फायदा मुदतीचा. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं मिळतात. वरच्या उदाहरणातले निसटलेले १६,००० इथे परत मागता येतात.

दिवाणी कैदही आहे, तीन महिन्यांपर्यंत, पण ती मागण्याआधी दोनदा विचार करा. त्याच्याकडे ऐपत असून तो देत नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. शिवाय तो दिवाणी तुरुंगात असताना त्याच्या जेवणाखाणाचा भत्ता अर्जदाराने कोर्टात भरायचा असतो. ज्या बाईला मुलाच्या दप्तराचे पैसे मिळत नाहीत, तिने त्या माणसाच्या जेवणाचे भरायचे.

शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. शेतकऱ्याचं राहतं घर, बैल, अवजारं दिवाणी जप्तीतून सुटतात, जमीन मात्र सुटत नाही. फौजदारी वसुलीतही जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम वसूल करण्याची सोय आहे. पोटगीचा आदेश अजून व्हायचा असेल तर त्यातच जमिनीवर पोटगीचा बोजा ठेवण्याची मागणी करा. बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढला की जमीन विकत घेणारा आधी तुमच्याकडे येतो. आदेश झाल्यावर भावाच्या नावाने जमीन फिरवण्याचे प्रकार सर्रास होतात.

डीव्हीतला थेट कपातीचा हुकूम

डीव्हीच्या कलम २०(६) खाली बापाने पैसे थकवले तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला किंवा त्याला देणं असलेल्या माणसाला सांगू शकतात की रक्कम थेट या बाईला द्या किंवा कोर्टात भरा. वेगळी दरखास्त लावायची गरज नाही. यातला "त्याला देणं असलेला माणूस" महत्त्वाचा आहे: बापाच्या गाळ्याचा भाडेकरू, ज्याच्याकडून त्याचं बिल येणं आहे तो बिल्डर, सगळे त्यात येतात. धंदेवाईक बापासाठी हे कलम फारसं कुणी वापरत नाही याचं वाईट वाटतं. अर्ज तुम्ही सध्या जिथे राहता, अगदी माहेरी तात्पुरत्या राहत असाल तरी, तिथल्या कोर्टात चालतो.

अट अशी की आदेश डीव्हीखालचा हवा. १२५ चा आदेश आधीच असेल तर नव्या अर्जात तो लपवू नका. दुसऱ्या कोर्टाने रक्कम ठरवताना पहिली वजा धरायची असते, आणि लपवल्याचं उघड झालं की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही संशय घेतला जातो. डीव्हीत एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे खरी, पण ते कलम ३१ मुळात संरक्षण आदेश मोडण्यासाठी आहे. पोटगी थकवल्यावर ते लागेलच यावर विसंबू नका.

घटस्फोटाची केस चालू असेल तर

सगळ्यात जवळचं हत्यार तिथेच असतं. अंतरिम पोटगी मुद्दाम, वारंवार थकवणाऱ्याचा बचाव काढून टाकावा, म्हणजे केसमधली त्याची बाजू विचारात घेऊ नये, असा अर्ज करता येतो. घटस्फोट त्यालाच घाईने हवा असेल तर या अर्जाने थकबाकी जितकी लवकर निघते तितकी वॉरंटनेही निघत नाही. न्यायालयं हा शेवटचा उपाय मानतात, म्हणून प्रत्येक तारखेला थकबाकीची पुरशीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देत राहा, म्हणजे मुद्दाम थकवल्याचं रोजनाम्यातूनच, कोर्टाच्या तारखेनिहाय नोंदीतूनच, दिसेल.

हातावर कमावणारा आणि परदेशात गेलेला

रोख कमावणाऱ्याकडे जप्त करायला पगारपत्रक नसतं. इथे वसुली अर्जाचा धाकच उरतो, आणि एकरकमी मागण्यापेक्षा कोर्टापुढे हप्ते बांधून घेतलेले बरे. "काम नाही" एवढं म्हणून तो सुटत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसायचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात बजावलं.

अमेरिकेत असलेल्या बापाला इथलं वॉरंट लगेच पोचत नाही. समन्स किंवा वॉरंट निघालं असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली भारतीय पासपोर्ट जप्त करण्याची मागणी करता येते. तो तिथेच स्थिरावला असेल तर तो राहतो त्या राज्यात स्वतंत्र आदेश मागण्याबद्दल तिथल्या वकिलाशी बोला. तिथे आदेश झाला की रक्कम पगारातूनच कापली जाते, आणि थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की अमेरिकी पासपोर्ट नाकारला जातो.

खर्च, भेटी आणि अठरावं वर्ष

वकिलाच्या फीसाठी थांबू नका. बायका आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात महिलांना कोर्ट फी माफ आहे. जाताना आदेशाची सही-शिक्क्याची प्रत, बँकेचं पासबुक आणि महिनावार तक्ता न्या: कोणत्या महिन्याचे किती यायचे होते, किती आले, कधी आले. त्याने मध्ये रोख दिलेले पैसेही त्यात प्रामाणिकपणे दाखवा.

"मुलाला भेटू देत नाही, म्हणून देत नाही" हे उत्तर पोटगी थांबवायला पुरत नाही. उलट, पोटगी थकली म्हणून कोर्टाने ठरवलेल्या भेटी तुम्हीही बंद करू नका. त्याने मुलाचं नुकसान होतं आणि तुमची बाजू कमकुवत होते.

मूल अठराचं झालं की १४४ ची पुढची पोटगी थांबते. अपंगत्वामुळे किंवा दुखापतीमुळे स्वतःला पोसू न शकणारं मूल याला अपवाद. त्याआधी थकलेली रक्कम मात्र देणं राहतेच. हिंदू मुलगी अविवाहित असेल आणि स्वतःचा खर्च चालवू शकत नसेल, तर अठरानंतर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली ती स्वतः वडिलांकडे मागू शकते. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, म्हणून ती बारावीत असतानाच वकिलाशी बोलून ठेवा.