मातीचा बाइंडर घ्यावा की एन्झाइमची पावडर?

परतीच्या पावसात येवल्या-निफाडकडचा मका भिजला की पुढे हिवाळाभर गोठ्यागोठ्यांत एकच प्रश्न असतो: खाद्यातलं बुरशीचं विष आवरणारी पावडर, म्हणजे टॉक्सिन बाइंडर, स्वस्तातला घ्यावा की भारीतला? स्वस्तातला म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइट, साधी चिकणमातीच. ती बुरशीचं विष आपल्या थरांत धरून शेणावाटे बाहेर नेते. भारीतल्यात जिवाणू, यीस्ट नाहीतर एन्झाइम असतं. ते विष तोडतं.

'तोडतं' हा शब्द विकणाऱ्याला फार आवडतो. पण तोडायचं काम जनावराचं शरीरही करतंच, आणि कधीकधी घोळ तिथेच होतो. अफ्लाटॉक्सिन बी-1 हे मका-पेंडीवरच्या बुरशीचं विष गायीच्या यकृतात गेलं की त्यातल्या काहीचं एम-1 होतं आणि दुधात उतरतं, खाल्लेल्याच्या साधारण 1-2 टक्के, भरपूर दुधाच्या गायीत 6 टक्क्यांपर्यंत. दूध उकळून ते जात नाही. आपल्याकडे दुधातल्या एम-1ची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. त्याच यकृतात बी-1चं इपॉक्साइड नावाचं जहाल रूपही बनतं, आणि ते थेट डीएनएला चिकटतं. छोट्या घरउंदराचं यकृत हे इपॉक्साइड चटकन निकामी करतं, टर्कीला ते फारसं जमत नाही. 1960 साली इंग्लंडात भुईमुगाच्या पेंडीने लाखाहून जास्त टर्की मेल्या, त्यामागे हेही होतंच.

म्हणून अफ्लाटॉक्सिनसाठी माझं मत सरळ मातीच्या बाजूने. विष आतड्यातच अडकलं तर यकृतापर्यंत जातंच कशाला? आमच्या सिन्नरच्या गोठ्यात सरकी पेंडीचं पोतं थेट फरशीवर होतं. काकूंनी खालच्या कोपऱ्यातलं ढेकूळ हाताने फोडलं, तर आत हिरवट भुकटी आणि कुबट वास. ते पोतं बंद केलं. पेंड थांबली की दुधातलं एम-1 तीन-चार दिवसांत उतरतं, तेवढाच दिलासा.

मुरघासाची गोष्ट वेगळी. तिथे भीती फ्युजेरियम बुरशीच्या झिअरॅलेनोनची, आणि त्याला माती नीट धरत नाही. गायीच्या कोठीपोटातले प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, ओक्रॅटॉक्सिन हे आणखी एक बुरशीविष तोडून जवळपास निरुपद्रवी करतात, म्हणून डुकरांपेक्षा गाय ते बरं सोसते. पण झिअरॅलेनोनचं तेच अल्फा-झिअरॅलेनॉल करून ठेवतात, म्हणजे मादी हार्मोन इस्ट्रोजेनसारखं काम करणारं आणखी जोरदार विष. कालवडींची कास अवेळी सुजत असेल, गाय गाभण न राहता पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर मातीवर पैसे घालवू नका. क्लोनोस्टॅकिस नावाच्या बुरशीकडे या विषाच्या रेणूचं कडंच उघडणारं एन्झाइम आहे. ते उघडलं की हार्मोनसारखा परिणाम संपतो. अशी पावडर महाग पडते, पण इथे ती मागायला हरकत नाही.

लेअरवाल्यांनी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी, आधी अफ्लाटॉक्सिनचाच विचार करावा. फिकट, चरबी धरलेलं यकृत आणि घटलेली अंडी दिसली तर मातीच, पण ती खाद्यात नीट मिसळलेली हवी. मका डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) या फ्युजेरियमच्याच दुसऱ्या विषाचा निघाला तर मात्र जिवाणूवाली पावडर. गंमत म्हणजे त्यासाठीचा एक जिवाणू गायीच्याच कोठीपोटातून काढलेला आहे.

पाकिटावर 'सर्व टॉक्सिनवर' एवढंच छापलं असेल तर दुकानदाराला विषाचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही, तर त्या पैशात पेंडीखाली घालायला लाकडी फळ्या येतात. आम्ही त्याच आणल्या.