टेड टॉक्सवरून इंग्रजी शिकताय? मग धंदा आणि इंटरनेटवरचीच भाषणं धरा

टेड टॉक्स, म्हणजे नेटवरची वेगवेगळ्या विषयांवरची छोटी इंग्रजी भाषणं, ती ऐकून इंग्रजी सुधारतं का, हा प्रश्न मराठी मीडियमवाल्यांच्या ग्रुपवर कायम फिरत असतो आणि उत्तरं पण ठरलेलीच येतात, एकजण म्हणतो रोज एक बघ, दुसरा म्हणतो त्यापेक्षा हॉलिवूडचे पिक्चर बघ, तिसरा कुठल्यातरी क्लासची लिंक टाकून गायब. मी स्वतः मराठी मीडियमचा, परचेसला काम करतो, म्हणजे दिवसभर व्हेंडरना मेल आणि फोन. मला शेक्सपिअर नकोय, माल का अडकलाय ते नीट विचारता आलं पाहिजे. ह्या हिशोबाने बरेच दिवस टेड वापरतोय, आणि माझं मत असं की चीज भारी आहे, फुकट आहे, पण त्यातली फक्त कंपन्या, धंदा, इंटरनेट ह्यावरची भाषणं धरायची, बाकीची नंतर सावकाश.

का ते सांगतो. टेड उघडलं की पुढे पुढे येतात ती स्वतःला ओळखा, भीती सोडा टाइपची. ऐकायला छान वाटतात, शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, आपल्यालाही दोन मिनिटं भरून येतं. पण त्यातले शब्द सोमवारी ऑफिसात कुठे वापरणार? उलट धंद्यावरच्या भाषणात ऑर्डर, डिलिव्हरी, कॉस्ट, लाँच, डिले, कस्टमर का परत गेला, पैसे कुठे अडकले हेच सगळं असतं, आणि विषय आपल्याला आधीच माहीत असतो. ऑनलाइन ऑर्डर करणं, रिव्ह्यू वाचणं, घर भाड्याने लावणं हे रोजचंच आहे, त्यामुळे वाक्यातला एखादा शब्द निसटला तरी विषयावरून अंदाज येतो, आणि असा अंदाजाने पकडलेला शब्द डोक्यात बसतो, डिक्शनरीतून पाठ केलेला दुसऱ्या दिवशी उडून जातो.

टेड सुरू झालं 1984 ला अमेरिकेत, कॉन्फरन्स म्हणून, आणि 2006 पासून त्यांनी भाषणं नेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. एका भाषणाला साधारण 18 मिनिटांची मर्यादा. ही मर्यादाच आपल्यासारख्यांना सोयीची, बसमध्ये एक होतं. टेडएक्स नावाने जे कॉलेजा-कॉलेजात असतं ते टेडचं लायसन्स घेऊन स्थानिक लोक भरवतात, तिथे क्वालिटी कशीही असू शकते, सुरुवातीला त्या नादाला लागू नका.

आता कुठली ऐकायची. पहिलं नाव घेईन अमेझॉनवाल्या जेफ बेझोसचं, 2003 चं भाषण. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटून दोन-तीन वर्षं झाली होती, लोक म्हणत होते इंटरनेटचं संपलं, आणि हा माणूस म्हणतो की इंटरनेटची तुलना कॅलिफोर्नियात सोनं शोधायला लोटलेल्या गर्दीशी करू नका, विजेशी करा. आणि मग तो सुटतोच. घरात वायरिंग आली ती दिव्यासाठी, उपकरणं नंतर आली, सुरुवातीला भिंतीत प्लगच नव्हते त्यामुळे लोक मशीनची वायर दिव्याच्या सॉकेटमध्ये फिरवून बसवायचे, जुन्या वॉशिंग मशीनचे फोटो दाखवतो, टायला इस्त्री करायचं एक विजेचं यंत्र दाखवतो जे कधी चाललंच नाही. हे ऐकताना तुम्हाला वायर, प्लग, सॉकेट, स्विच, अप्लायन्स असे घरातलेच शब्द सलग मिळतात आणि त्यांच्या मागेपुढे येणारी क्रियापदं मिळतात, म्हणजे प्लग इन करणं, स्क्रू इन करणं, एखादी वस्तू बाजारात कॅच ऑन होणं. शब्द सगळे ओळखीचे, फक्त ते वाक्यात कसे बसतात ते आपण आजपर्यंत ऐकलेलं नसतं. प्लस माणूस मधे मधे स्वतःच हसतो, त्यामुळे कंटाळा येत नाही.

दुसरं बिल ग्रॉसचं 2015 चं, सहा-सात मिनिटांचंच आहे. आयडियालॅब नावाच्या कंपनीतून ह्याने खूप स्टार्टअप काढले, त्यातले काही चालले काही बुडाले, मग त्याने बसून हिशोब मांडला की चालण्या न चालण्यात फरक कशाने पडला. आयडिया, टीम, बिझनेस मॉडेल, पैसा आणि टायमिंग असे पाच मुद्दे, आणि त्याच्या हिशोबात टायमिंग पहिलं निघालं, 42 टक्के, पैसा सगळ्यात शेवटी. त्यांची स्वतःची व्हिडिओची एक वेबसाइट होती, ब्रॉडबँड पुरेसं पसरलेलं नव्हतं म्हणून ती बुडाली, आणि नंतर योग्य वेळेला यूट्यूब आलं. ह्या भाषणाचा फायदा असा की तो एकच सांगाडा परत परत वापरतो, ह्या कंपनीचं असं झालं, त्या कंपनीचं तसं झालं, त्यामुळे तुलना कशी करायची ते आपोआप कानात बसतं. आमच्या मंथली रिव्ह्यूमध्ये दोन व्हेंडरची तुलना करताना मी तोच सांगाडा बिनधास्त वापरतो.

आणि तिसरं आपल्या माणसाचं, रघुनाथ माशेलकरांचं. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये म्हैसूरला टेड इंडिया झालं होतं तिथलं. गोव्यातल्या माशेलचे, शाळा मुंबईत म्युनिसिपालिटीची, पुढे सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख, हे सगळं माहीत असेलच. विषय स्वस्तात चांगली वस्तू कशी बनवायची, एका स्कूटरवर चौघंजण बसलेलं कुटुंब आणि त्यातून निघालेली टाटांची नॅनो गाडी, जयपूर फूट हा कृत्रिम पाय वगैरे. मोअर फ्रॉम लेस फॉर मोअर, अख्ख्या भाषणाचा गाभा ह्या साध्या शब्दांत. नॅनोचं नंतर काय झालं ते आपण बघितलंच, ते बाजूला ठेवा. पण उच्चार आपल्या कानाला पहिल्या मिनिटापासून कळतात, आणि इंग्रजी म्हणजे अमेरिकन माणसासारखं नाकातून बोलणं हा जो गैरसमज असतो तो हे ऐकलं की उतरतो. ज्यांना खूप दडपण येतं त्यांनी बेझोसच्या आधी हेच लावावं खरंतर.

सुरुवातीला टाळायचा माणूस म्हणजे टिम बर्नर्स-ली. वेबचा जन्मदाता, मान्य, 2009 चं त्याचं डेटावरचं भाषण महत्त्वाचं आहे, पण तो इतका भरभर बोलतो आणि वाक्यं अर्धी सोडून पुढे पळतो की नवख्या माणसाने लॅपटॉप बंदच करावा.

टेडच्या वेबसाइटवरची खरी सोय म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. यूट्यूबवर बघण्यापेक्षा तिथे बघा. बाजूला सगळं भाषण लिहिलेलं असतं, ज्या वाक्यावर बोट ठेवाल तिथे व्हिडिओ उडी मारतो. माझी पद्धत अशी की आधी दोन-तीन मिनिटं न वाचता ऐकायचं, मग तेवढंच वाचत ऐकायचं, आणि दोन किंवा तीनच तुकडे उचलायचे, शब्द नाही तुकडे, फिगर आउट, एंड अप, रन आउट ऑफ, कम अप विथ असले. हे धंद्यावरच्या भाषणांत सारखे येतात आणि शाळेत आपल्याला कोणी शिकवलेले नसतात, शाळेत आपण निबंधाचं इंग्रजी शिकलो. मग त्याच दिवशी एका मेलमध्ये ते घुसवायचे. 'वुई आर रनिंग आउट ऑफ स्टॉक, प्लीज फिगर आउट व्हाय द मटेरियल इज हेल्ड अप', एवढी एक ओळ जमली की त्या दिवसाचं काम झालं.

आमच्या वहिनींचा मसाल्याचा घरगुती धंदा आहे, त्यांना पण हे लावून दिलं. त्या बारावीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी काय केलं तर वही घेतली आणि शब्दाचा अर्थ न लिहिता समोर आपल्या धंद्यातलं उदाहरण लिहिलं. रन आउटसमोर 'ब्याडगी मिरची', लाँचसमोर 'गोडा मसाला', कॅच ऑनसमोर 'कांदा लसूण चालला, तीळ चटणी नाही चालली'. मला म्हणाल्या, भाऊजी, हा बाबा जे सांगतोय ते मला आधीच माहितीय, फक्त इंग्रजीत माहिती नव्हतं. आता पार्सलवाल्याशी आणि बेंगळुरूच्या एका दुकानदाराशी त्या स्वतः बोलतात, मोडकंतोडकं, पण स्वतः.

मराठी सबटायटल्सचं काय असं विचारणार तुम्ही. बऱ्याच भाषणांना आहेत, लोकांनी स्वयंसेवक म्हणून केलेली, त्यांना सलाम. पण शिकायचं असेल तर बंद ठेवा, डोळे मराठी वाचायला लागले की कान सुट्टीवर जातात. अगदीच डोक्यावरून गेलं तर शेवटी एकदा मराठीत वाचून घ्या. स्पीड पाऊणपट करता येतो, तो मात्र जरूर करा, लाज कसली.

बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश पण ऐकतो मी, ते शिकवण्यासाठीच बनवलेलं आहे, दोघंजण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात ज्याचं उत्तर शेवटी, आणि सहा शब्द समजावून सांगतात. ज्यांचं अगदी बेसिक कच्चं आहे त्यांनी तिथून सुरू करावं, टेडमध्ये तुम्हाला कोणी हात धरून शिकवत नाही, स्वाध्याय नाही, टेस्ट नाही, काय उचलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

टेडला पाचपैकी चार देईन. एक कापला कारण ही सगळी पाठांतर करून, तालीम करून दिलेली भाषणं आहेत, मधे कोणी तोडत नाही, प्रश्न विचारत नाही, आणि आपलं फोनवरचं निम्मं इंग्रजी म्हणजे समोरच्याला परत सांगा म्हणणं, पॉलाइटली नाही म्हणणं, भाव कमी करायला लावणं. ते भाषणात येणारच नाही. त्यासाठी टेडच्याच स्टेजवरच्या मुलाखती बघा, टेड बरीच वर्षं चालवलेल्या ख्रिस अँडरसनने घेतलेल्या, 2017 ची इलॉन मस्कची वगैरे. हा अँडरसन लहानपणी मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत होता, प्रश्न एकदम स्वच्छ विचारतो, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी उत्तर पटलं नाही की तेच वेगळ्या शब्दांत परत विचारतो. मी सध्या फक्त त्याचीच वाक्यं उतरवून घेतोय, व्हेंडर लोकांवर वापरायला.